मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीची स्पेक्युलर टेस्ट: करून घ्याच, पण रिपोर्ट समजून घेतल्याशिवाय उठू नका

स्टार द्यायचेच तर पाचपैकी चार. टेस्टला (बुबुळाच्या आतल्या पेशींचा फोटो काढतात ती), मशीनला आणि ती करणाऱ्या टेक्निशियन ताईंना पूर्ण पाच, एक कापलाय तो रिपोर्ट हातात देतात त्या पद्धतीसाठी, त्याबद्दल खाली सविस्तर लिहितेच.

आईच्या मोतीबिंदूच्या निमित्ताने या टेस्टशी संबंध आला. आधी एका ठिकाणी दाखवलं होतं, तिथे लेन्सचं माप काढलं, शुगर बीपी ईसीजी सगळं झालं, ऑपरेशनची तारीखही मिळाली, पण बुबुळ आतून कसं आहे याचं कोणी नावही काढलं नाही. आई मात्र बरेच दिवस एकच सांगत होती की सकाळी उठल्यावर जास्त धुरकट दिसतं आणि जसजसा दिवस चढतो तसतसं बरं होत जातं. तिथे उत्तर मिळालं मोतीबिंदूच आहे, काढला की जाईल. मला ते पटेना कारण मोतीबिंदू काय सकाळी वाढून दुपारी कमी होत नाही ना. म्हणून दुसरीकडे दाखवलं आणि तिथल्या डॉक्टरांनी सकाळचं धुरकट हे शब्द ऐकल्या ऐकल्या सांगितलं, आधी स्पेक्युलर करून या, मग बोलू.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपलं बुबुळ म्हणजे कॉर्निया, समोरची पारदर्शक काच, जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलीमीटर. तिच्या सगळ्यात आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. डोळ्यातलं पाणी कॉर्नियात सतत झिरपत असतं आणि हा थर पंपासारखा ते बाहेर काढत असतो, म्हणून काच स्वच्छ राहते. गोची अशी की या पेशी मोठ्या माणसात पुन्हा तयार होत नाहीत, गेली ती गेली, शेजारच्या पेशी पसरून ती जागा भरून काढतात. तरुणपणी एका चौरस मिलीमीटरमध्ये साधारण ३००० च्या आसपास पेशी असतात, वयाप्रमाणे दरवर्षी अर्धा टक्क्याच्या थोड्या वर गळत जातात, आणि नुसत्या वयाने कुणाचं बुबुळ सुजत नाही कारण राखीव साठा भरपूर असतो. आकडा ५०० च्या आसपास किंवा त्याखाली आला की मात्र पंप कमी पडायला लागतो, काचेत पाणी साचतं, धूसर होतं, फारच वाढलं तर पृष्ठभागावर बारीक फोड येतात आणि ते फुटले की डोळा भयंकर दुखतो.

आता मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं ते याच थराच्या अगदी जवळ. फेको या नेहमीच्या पद्धतीत अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू झालेली लेन्स फोडतात, पाणी फिरत असतं, तुकडे उडतात, त्यात थोड्या पेशी जाणारच, कितीही चांगला सर्जन असला तरी. साधारण ५ ते १५ टक्के धरून चाला, मोतीबिंदू दगडासारखा कडक झाला असेल तर आणखी जास्त. ज्याच्याकडे २५०० आहेत त्याला २२०० झाले तरी काही कळणारही नाही. पण ज्याच्याकडे मुळातच ८००-९०० उरल्यात त्याला तेवढीच टक्केवारी महागात पडू शकते. आणि बाहेरून बघून हे दोघं सारखेच दिसतात, दोघांनाही धुरकट दिसतंय, दोघांनाही मोतीबिंदू आहे!

म्हणून मला हा प्रश्न पडला की असं किती जणांत असतं, म्हणजे आईचं काही जगावेगळं आहे का. तर अजिबात नाही. या थराचा सगळ्यात नेहमीचा आजार म्हणजे फुक्स डिस्ट्रॉफी, व्हिएन्नाचे नेत्रतज्ज्ञ अर्न्स्ट फुक्स यांनी १९१० मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून हे नाव. यात या पेशी ज्या पातळ पडद्यावर बसलेल्या असतात त्याच्यावर बारीक बारीक उंचवटे येतात, त्यांना गटाटा म्हणतात. आइसलँडमध्ये रेक्याविकला ५५ वर्षांवरच्या लोकांची पाहणी झाली होती त्यात बायकांमध्ये ११ टक्के आणि पुरुषांमध्ये ७ टक्के लोकांना गटाटा सापडले. जपानच्या कुमेजिमा बेटावर चाळिशीच्या पुढच्यांत ४ टक्क्यांच्या आसपास. सिंगापूरचे चिनी वंशाचे लोक आणि जपानी लोक यांची तुलना झाली तेव्हा पन्नाशीपुढे ६.७ आणि ३.७ टक्के असा फरक निघाला. वेगवेगळ्या देशांच्या पाहण्या एकत्र करून २०२२ मध्ये जो हिशोब आला त्यात तिशीपुढच्या लोकांत साधारण ७ टक्के धरलेत.

हे आकडे सर्वसाधारण लोकांचे आहेत, मोतीबिंदूच्या रांगेतले नाहीत. पण रांगेत कोण बसलेलं असतं तर साठी-सत्तरीतली माणसं, आणि हे दोन्ही आजार वयाबरोबरच वाढतात. शिवाय दोन्हीचा त्रास सारखाच, समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे पसरतात, उन्हात डोळे दिपतात, रंग फिके वाटतात. म्हणजे गटाटामुळे त्रास होणारी माणसंही मोतीबिंदू समजूनच दवाखान्यात येतात आणि रांगेत त्यांची भर पडते. तेव्हा शंभर पेशंटमध्ये चार-पाच ते दहा जणांच्या बुबुळावर या खुणा असतील तर आश्चर्य वाटायचं कारण नाही. यातल्या बहुतेकांना चार-दोन गटाटा असतात आणि साधं ऑपरेशन व्यवस्थित पार पडतं, हेही तितकंच खरं, उगाच घाबरू नका. ज्यांचा आजार खरोखर पुढे गेलाय असे थोडेच असतात, पण ते थोडे कोण हे आधी कळायला नको का?

आणि फक्त फुक्सच नाही. पूर्वी काचबिंदूचा अचानक झटका येऊन गेला असेल, डोळ्याला मार लागला असेल, त्याच डोळ्याचं आधी एखादं ऑपरेशन झालं असेल, डोळ्यात नागीण किंवा तसलं व्हायरल इन्फेक्शन होऊन गेलं असेल, बाहुलीच्या कडेला आणि लेन्सवर कोंड्यासारखं पांढरं साचतं तो स्यूडोएक्सफोलिएशन नावाचा प्रकार असेल, तर तिथेही पेशी कमी असू शकतात. डायबेटिसवाल्यांच्या पेशींवरही ऑपरेशनचा ताण जास्त पडतो. यातलं काहीही तुमच्या घरच्या पेशंटला लागू असेल तर विचारायची वाट न बघता स्वतःहून सांगा.

बरं आता टेस्टचा अनुभव. स्पेक्युलर मायक्रोस्कोप म्हणजे एक कॅमेराच. डोळ्याला हात लावत नाहीत, बहुतेक वेळा थेंबही घालत नाहीत, हनुवटी ठेवायची, कपाळ पट्टीला टेकवायचं, आतल्या लाइटकडे बघायचं, एक फ्लॅश आणि झालं. प्रत्येक डोळ्याला मिनिटभर. आईची पापणी सारखी मिटत होती तर ताई अजिबात वैतागल्या नाहीत, म्हणाल्या, "आजी, दोनचारदा उघडझाप करून घ्या आणि मग मोठ्ठे डोळे करा, मी सांगेपर्यंतच." पहिला फोटो हलला, दुसरा बरा आला, तरी त्यांनी तिसरा घेतला कारण दुसऱ्यात कडेला अंधार होता म्हणे. मला हे फार आवडलं, कारण घाईच्या जागी दुसऱ्यावरच काम भागवलं असतं. मी हट्टाने स्क्रीन बघू का विचारलं तर त्यांनी खुर्ची सरकवून दाखवला.

आणि तो फोटो बघितल्यावरच मला हे सगळं खऱ्या अर्थाने समजलं. चांगल्या डोळ्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरांची जाळी दिसते, सगळी घरं जवळजवळ सारख्या मापाची, कडा स्पष्ट. आईच्या उजव्या डोळ्यात कडेला तशी जाळी होती पण मध्यभागी काळे काळे गोल डाग, काही सुटे, काही एकमेकांत मिसळलेले, आणि त्यांच्या मधूनमधून उरलेली घरं, ती पण वेडीवाकडी, एक मोठं एक लहान. ते काळे म्हणजे गटाटा, तिथे पृष्ठभाग वर उचललेला असल्यामुळे प्रकाश परत कॅमेऱ्यात येत नाही आणि डाग दिसतो. डावा डोळा त्यापेक्षा बरा होता. हा आजार दोन्ही डोळ्यांत असतो पण सारखाच पुढे गेलेला असेल असं नाही, म्हणून ऑपरेशन एका डोळ्याचं असलं तरी टेस्ट दोन्हीची करून घ्या.

आता कापलेला स्टार. रिपोर्ट म्हणून एक कागद मिळतो, त्यावर दोन फोटो आणि खाली आकड्यांची रांग, समजावून कोणी सांगत नाही, काउंटरवरून पाकिटात घालून देतात. आईच्या उजव्या डोळ्याच्या कागदावर पेशींचा आकडा दोन हजारांच्या वर होता. रांगेत शेजारी बसलेले एक काका तो बघून म्हणाले, अहो हे तर मस्त आहे, काळजी कशाला करता. आणि नुसता आकडा बघितला तर कुणालाही तसंच वाटेल! पण डॉक्टरांनी कागद हातात घेतल्यावर आकड्याकडे बघितलंच नाही, आधी फोटो बघितला, मग खालचा एक बारीक आकडा बघितला, मशीनने एकूण किती पेशी मोजल्या तो. तिथे जेमतेम तीसेक होत्या. त्यांनी समजावलं की मशीन आपोआप मोजतं तेव्हा काळ्या डागांमध्ये गोंधळतं, कधी डाग सोडून फक्त मधल्या चांगल्या पेशी मोजतं आणि आकडा फुगतो, कधी डागालाच पेशी समजतं. विश्वास ठेवण्यासारखा आकडा हवा तर निदान ७५-१०० पेशी मोजलेल्या हव्यात आणि गटाटा असतील तर माणसाने स्वतः एकेक पेशीवर खूण करून मोजायला हवं. त्यांनी परत पाठवलं, ताईंनी हाताने खुणा करून नव्याने काढलं, कडेच्या भागाचाही फोटो घेतला, आणि मध्यभागाचा आकडा पहिल्यापेक्षा बराच खाली आला.

हे मी मुद्दाम एवढं लांबवून लिहिलंय कारण टेस्ट केली पण नुसता आकडा वाचला तर न केल्यासारखंच आहे. कागदावर सीडी म्हणजे दर चौरस मिलीमीटरमागे पेशी. सीव्ही म्हणजे पेशींच्या मापात किती फरक आहे, ४० च्या वर गेला तर पेशी ताणाखाली आहेत असं समजतात. हेक्स म्हणजे षटकोनी किती टक्के उरल्यात, ५० च्या खाली चांगलं नाही. एनयूएम किंवा नुसतं एन म्हणजे मोजलेल्या पेशी, वर सांगितला तो हाच. आणि सीसीटी म्हणजे मध्यभागाची जाडी, साधारण ५४० मायक्रॉनच्या आसपास असते, पण माणसामाणसात फरक असतो त्यामुळे एकदाच मोजलेल्या जाडीवरून फार अर्थ काढता येत नाही. ६४० च्या वर असेल तर मात्र ऑपरेशननंतर बुबुळ सुजून राहण्याची शक्यता गांभीर्याने घेतात. माझं म्हणणं एवढंच की ही पाच वाक्यं त्या कागदाच्या मागे छापून दिली तर कोणाचं काय जातं? पेशंट घरी नेऊन तो कागद दहा जणांना दाखवतो आणि दहाही जण चुकीचं सांगतात.

आईची सकाळची तक्रार होती म्हणून डॉक्टरांनी कॉर्नियाची टोमोग्राफी पण केली, म्हणजे जाडीचा नकाशा. डोळ्याला दिसेल अशी सूज नसली तरी सगळ्यात पातळ जागा सरकलेली असणं, जाडीच्या रेषा वेड्यावाकड्या होणं, मागचा पृष्ठभाग एखाद्या ठिकाणी आत दबलेला असणं, यावरून लपलेली सूज ओळखता येते. सकाळीच जास्त धुरकट का याचं उत्तरही तेव्हा मिळालं. रात्रभर पापणी मिटलेली असते, वरून बाष्पीभवन होत नाही, पंप आधीच अशक्त, म्हणून पाणी साचतं, आणि डोळे उघडे राहिले की हळूहळू सुकतं. म्हणूनच स्पेक्युलर आणि जाडी शक्यतो सकाळी लवकर करून घ्या, दुपारी गेलात तर जाडी कमी भरू शकते. हे आम्हाला अपॉइंटमेंट देताना कोणी सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनी दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा मुद्दाम सकाळची वेळ दिली.

मग कुणी विचारेल की कळून फरक काय पडला, मोतीबिंदू तर काढायचाच होता. खूप फरक पडला. एक तर वाट बघायची नाही असं ठरलं, कारण मोतीबिंदू जेवढा पिकून कडक होईल तेवढं अल्ट्रासाउंड जास्त लागतं आणि पेशींना मार जास्त. पिकू द्या मग बघू हा सल्ला बुबुळ अशक्त असलेल्यांसाठी चुकीचाच आहे. ऑपरेशनमध्ये बुबुळाच्या आतून घट्ट चिकटून राहणारा जेल वापरायचा, मध्येमध्ये परत भरायचा, लेन्स अल्ट्रासाउंडने कोरत बसण्यापेक्षा हत्याराने तुकडे करायचे आणि सगळं काम बुबुळापासून लांब खालच्या बाजूला करायचं, हे त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मल्टिफोकल, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी लेन्स आम्ही जवळजवळ ठरवली होती, ती रद्द केली, कारण गटाटामुळे प्रकाश आधीच विखुरतो आणि ती लेन्स प्रकाश आणखी वाटून टाकते, मग कशाचंच धड स्पष्ट दिसत नाही. साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराची, घेतली. लेन्सचा नंबरसुद्धा किंचित मायनसकडे ठेवला, कारण पुढे मागे बुबुळाचा आतला थर बदलायची वेळ आली तर त्यानंतर नंबर थोडा प्लसकडे सरकतो, ती सोय आधीच करून ठेवली.

थर बदलणं म्हणजे डीएमईके नावाचं ऑपरेशन, नेदरलँड्सचे डॉ. गेरिट मेलेस यांनी २००६ च्या सुमारास आणलं. पूर्वी अख्खं बुबुळ बदलायचे आणि भरपूर टाके घालायचे, आता नेत्रदानातून मिळालेला फक्त आतला पातळ पडदा आत सोडतात आणि हवेच्या किंवा गॅसच्या बुडबुड्याने चिकटवतात, पेशंटला काही काळ छताकडे तोंड करून झोपायला लागतं. ज्यांचा आजार खूप पुढे गेलाय त्यांचं मोतीबिंदू आणि हे दोन्ही एकदमच करतात. जपानमध्ये तर प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी इंजेक्शनने डोळ्यात सोडायच्या उपचाराला २०२३ मध्ये परवानगीही मिळाली. आईला सध्या यातलं काही लागलं नाही, पण लागू शकतं हे आम्हाला ऑपरेशनच्या आधी माहीत होतं, सही करताना माहीत होतं. ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. नंतर सूज आल्यावर जेव्हा पहिल्यांदा फुक्स हे नाव कानावर पडतं तेव्हा माणसाला वाटतं डॉक्टरने डोळा बिघडवला, आणि डॉक्टर म्हणतो तुमचं बुबुळच खराब होतं, आणि दोघांकडेही आधीचा फोटो नसतो.

आईचं ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर लगेच लख्ख दिसेल असं आम्हाला आधीच कोणी सांगितलं नव्हतं म्हणून बरं, कारण सुरुवातीला बुबुळ सुजलेलं होतं, शेजारच्यांचं दुसऱ्या दिवशी स्वच्छ आणि हिचं नाही. मिठाच्या पाण्याचे तीव्र थेंब आणि रात्री मलम दिलं, ते सूज शोषून घेतं, जरा झोंबतं. हळूहळू उतरलं. आता ती बारीक अक्षरं वाचते, दिव्यांभोवती थोडं वलय दिसतं अजून, तेही डॉक्टरांनी आधी सांगितलेलं की मोतीबिंदूचं जाईल, गटाटाचं राहील.

एक माझ्यासारख्यांसाठी. हा आजार घराण्यात उतरू शकतो, बऱ्याच पेशंटमध्ये टीसीएफ४ नावाच्या जीनमधला बदल सापडतो, आणि बायकांमध्ये प्रमाण जास्त. म्हणून मी माझीही टेस्ट करून घेतली, मावशीलाही पाठवलं. माझं ठीक आहे, मावशीला थोडे गटाटा निघाले, त्रास काही नाही, तिला वर्षातून एकदा दाखवायला सांगितलंय.

प्रत्येकालाच ही टेस्ट लागते असं मी म्हणणार नाही, अनुभवी डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या नेहमीच्या मायक्रोस्कोपवर, नीट बघितलं तरी बरेच गटाटा ओळखतात. पण नीट बघायचं म्हणजे बाहुली मोठी करायच्या थेंबांआधी, वेळ देऊन, आणि मोतीबिंदूच्या गर्दीत ते होतंच असं नाही. तुम्ही सरळ विचारा, माझ्या बुबुळाच्या आतल्या पेशी बघितल्या का. उत्तर हो आलं तर उत्तमच, नाही आलं आणि सकाळचं धुरकट, घरात कुणाला बुबुळाचा त्रास किंवा वर लिहिलेलं काही असेल तर टेस्टसाठी आग्रह धरा. आणि रिपोर्टचा कागद ऑपरेशन झालं म्हणून टाकून देऊ नका, फोटोसकट जपून ठेवा, शक्य असेल तर मोबाइलमध्येही स्कॅन करा, कारण दुसऱ्या डोळ्याच्या वेळी आणि पुढच्या प्रत्येक तपासणीला पेशी किती गेल्या हे त्या पहिल्या फोटोशी ताडूनच सांगतात.